प्रकल्प नोंदी: इंदूरच्या वाचनालयाची ग्रंथसूची क्लाउड सर्व्हरवर

काम असं: राजवाड्यापासून चालत जाता येईल अशा एका मराठी वाचनालयाची ग्रंथसूची जुन्या संगणकावर पडून होती. ती गणेशोत्सवाच्या आत, म्हणजे २७ ऑगस्टपूर्वी, इंटरनेटवर आणायची. सर्व्हरवरची प्रत्येक आज्ञा कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने टाइप केली. तिने लिनक्स (सर्व्हरवर चालणारी कार्यप्रणाली) याआधी उघडलेलं नव्हतं. नोंदी तिच्यासारख्यांसाठीच. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप अर्थात रोमन लिपीत, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे छोट्या अक्षरांत करायचं.

१२ जुलै २०२५, शनिवार. खातं, जागा, खर्च

क्लाउड सर्व्हर, म्हणजे इंटरनेटला जोडलेलं मशीन, भाड्याने देणाऱ्या कंपनीकडचं खातं संस्थेच्या ईमेलवर उघडलं. स्वयंसेवकाच्या ईमेलवर उघडलं की तो नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर सर्व्हरही त्याच्याबरोबर जातो. द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड) त्याच बैठकीत चालू केली आणि तिचे रिकव्हरी कोड छापून कार्यवाहांच्या कपाटात ठेवले. पुढे सर्व्हरवर कितीही बंदोबस्त केला तरी पॅनेलचा (कंपनीच्या वेबसाइटवरून सर्व्हर सांभाळायचं पान) पासवर्ड दुसऱ्याच्या हाती लागला तर सगळं संपलं. तिथून तो अख्खी डिस्क उचलू शकतो.

मशीन: १ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), २ जीबी मेमरी, ५० जीबी डिस्क, उबुंटू २४.०४ एलटीएस (लिनक्सची दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती). १ जीबीचं मशीन निम्म्या भाड्यात मिळत होतं. पण मारियाडीबी (डेटाबेस), पीएचपी (वेबसाइटचा प्रोग्राम चालवणारी भाषा) आणि वर एखादा अपडेट असं एका वेळी चाललं की मेमरी संपते, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) सर्वांत जड प्रक्रिया मारून टाकतो, आणि ती बहुतेक डेटाबेसचीच असते. एलटीएस घेण्याचं कारण साधं: सुरक्षा अपडेट २०२९ पर्यंत फुकट.

भाडं महिना १२ डॉलर, साप्ताहिक बॅकअपचे त्यावर २०% म्हणजे २.४० डॉलर, एकूण रकमेवर १८% जीएसटी. बेरीज १६.९९ डॉलर. बँकेचं परकीय चलनाचं शुल्क धरून दीड हजार रुपयांच्या आसपास. कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आधी ई-मँडेट नोंदवावं लागतं. ती सोय या कंपनीकडे नव्हती, म्हणून तीन महिन्यांची रक्कम आगाऊ भरली. शिल्लक संपत आल्याची सूचना खजिनदारांच्या ईमेलवर जाईल असं केलं.

फॉर्ममध्ये प्रदेश आधीच अमेरिकेतला निवडलेला असतो. तो तसाच राहिला आणि मशीन उभं झाल्यावर टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागू लागला. प्रदेश नंतर बदलता येत नाही. मशीन काढून टाकलं, नवं घेताना भारतातला प्रदेश निवडला. तासाच्या हिशेबाने भाडं असल्यामुळे नुकसान पैशांत मोजण्याइतकंही नाही.

१३ जुलै, रविवार. किल्ली

विंडोज १० आणि ११ मध्ये ओपनएसएसएच (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायचा प्रोग्राम) आधीपासून असतं, त्यामुळे त्याच कामाची पुट्टी उतरवली नाही. (पुट्टीची पीपीके फाइल ओपनएसएसएचला थेट चालत नाही, दोन्ही मिसळलं की नवशिक्याचा गोंधळ ठरलेला.) पासवर्डऐवजी लॉगिनला वापरायच्या किल्ल्यांची जोडी करायला पॉवरशेलमध्ये (विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’. पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) विचारतो तो द्यावा. टाइप करताना पडद्यावर काही दिसत नाही, तारेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो.

तयार होतात दोन फाइली. ‘पब’ शेपटीची सार्वजनिक, ती कुणालाही द्या. बिनशेपटीची खाजगी, ती त्या संगणकाबाहेर जाता कामा नये, ईमेलने तर नाहीच. सार्वजनिक किल्ली पॅनेलमध्ये डकवून मशीन घेतलं आणि पहिलं लॉगिन सरळ झालं.

दुसरी किल्ली वाचनालयाच्या संगणकावरची. तिने वेळ खाल्ला. विंडोजवर ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ ही आज्ञा नसते. म्हणून किल्ली ईमेलमधून उचलून सर्व्हरवर नॅनो या संपादकात ‘ऑथराइज्ड_कीज’ फाइलीत (परवानगी असलेल्या किल्ल्यांची यादी; नावात अंडरस्कोर) डकवली. उत्तर: परमिशन डिनाइड, पब्लिककी. फाइल डोळ्यांनी पाहिली तर ठीकच दिसत होती. ‘डब्ल्यूसी -एल’ लावून ओळी मोजल्या तेव्हा दोन किल्ल्यांच्या तीन ओळी निघाल्या: ईमेलने लांब ओळ मध्येच तोडली होती. एक किल्ली एक ओळ, सुरुवात ‘एसएसएच-ईडी२५५१९’ने, मध्ये कुठेही एंटर नाही.

१९ जुलै, शनिवार. रूट बंद, पासवर्ड बंद

आतापर्यंतचं लॉगिन रूटचं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याचं. ‘ॲडयूजर’ने नवा वापरकर्ता, ‘यूजरमॉड’ने त्याला सुडो गटात (गरजेपुरते रूटचे अधिकार वापरू शकणारे) घातलं, आणि रूटकडची ‘ऑथराइज्ड_कीज’ त्याच्या ‘डॉट-एसएसएच’ फोल्डरात नकलून दिली. लॉगिन नाही. नक्कल रूटने केल्यामुळे फाइल रूटच्या मालकीची, परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येते. लॉगिनच्या वेळी सर्व्हर ती फाइल त्या वापरकर्त्याच्या अधिकाराने उघडतो, त्यामुळे त्याला ती वाचता येईना. ‘चाऊन -आर’ (इथे आर कॅपिटल) करून मालकी बदलली, फोल्डर ७००, फाइल ६००. झालं.

नव्या वापरकर्त्याला पासवर्ड जरूर द्यावा, लांब आणि कागदावर लिहिलेला. एसएसएचवर तो चालणार नाही, पण सुडोला आणि पॅनेलमधल्या कन्सोलला (ब्राउझरमध्ये उघडणारा सर्व्हरचा पडदा) लागतो. उद्याच लागला.

आता दिवसाचा मोठा घोळ. जवळपास प्रत्येक मार्गदर्शिकेत एकच सांगितलेलं असतं: ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ (एसएसएच सेवेच्या सेटिंगची) फाइल उघडा, ‘पासवर्डऑथेंटिकेशन’पुढे ‘नो’ लिहा, सेवा पुन्हा सुरू करा. तसं केलं. कुठेही चूक दाखवली गेली नाही. किल्लीने लॉगिन होतच होतं, त्यामुळे काम झालं असं समजून पुढे जाणं अगदी सोपं होतं. जाण्याआधी दुसऱ्या संगणकावरून मुद्दाम किल्ली न वापरता जोडणी मागितली; त्यासाठी एसएसएचला ‘-ओ पबकीऑथेंटिकेशन=नो’ द्यायचं. पडद्यावर आलं: ‘पासवर्ड:’. म्हणजे दार उघडंच.

फाइलीत काय लिहिलंय ते सर्व्हरने काय मानलंय याचा पुरावा नाही. पुरावा ‘सुडो एसएसएचडी -टी’ देतं, टी कॅपिटल. लागू असलेली प्रत्येक सेटिंग ते छापतं. त्यात स्पष्ट होतं: पासवर्डऑथेंटिकेशन येस.

कारण असं. उबुंटूच्या मुख्य फाइलीच्या डोक्यावरच एक ‘इन्क्लूड’ ओळ असते. ती ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरातल्या ‘कॉन्फ’ शेपटीच्या सगळ्या फाइली आधी वाचायला लावते, आणि एसएसएचमध्ये जी किंमत पहिल्यांदा सापडते ती कायम; नंतरची दुर्लक्षित. बहुतेक प्रणालींत शेवटचं लिहिलेलं चालतं, इथे उलट. मशीन घेताना पॅनेलवर किल्लीबरोबर पासवर्डही ठेवला होता, म्हणून क्लाउड-इनिटने (नवं मशीन पहिल्यांदा तयार करणारा प्रोग्राम) त्या फोल्डरात ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाइल टाकून तिच्यात ‘येस’ लिहून ठेवलं होतं. खाली लिहिलेलं ‘नो’ कुणी वाचतच नव्हतं.

उपाय: त्याच फोल्डरात ‘१०-वाचनालय’ नावाची फाइल, शेपटी ‘कॉन्फ’च. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून १०. दोन ओळी: पासवर्डऑथेंटिकेशन नो, परमिटरूटलॉगिन नो. मग ‘एसएसएचडी -टी’, या वेळी छोटा टी: ते फक्त व्याकरण तपासतं, आणि काही न छापता परतलं तर सर्व ठीक. मग सेवा पुन्हा सुरू. मग कॅपिटल टी. मग पुन्हा बाहेरून किल्लीशिवाय जोडणी. ‘परमिशन डिनाइड’ दिसल्यावरच पुढचं काम. हे सगळं होईपर्यंत आधीची जोडणी दुसऱ्या खिडकीत उघडीच ठेवली. सेवा पुन्हा सुरू केल्याने चालू जोडणी तुटत नाही, आणि काही बिनसलं तर तीच परतीची वाट.

पोर्ट २२ (एसएसएचच्या दाराचा क्रमांक) बदलावा का, असा प्रश्न आला. बदलला नाही. सर्व्हरच्या नोंदींतला (लॉग) गोंगाट कमी होतो, सुरक्षितता वाढत नाही. बदलणाऱ्यांसाठी एवढंच: २४.०४ मध्ये पोर्ट ‘एसएसएच.सॉकेट’ या वेगळ्या घटकाच्या हाती असतो. फाइलीत आकडा बदलून नुसती एसएसएच सेवा पुन्हा सुरू केल्याने काही होत नाही. ‘सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड’ करून सॉकेट पुन्हा सुरू करावं लागतं.

गोंगाट कसला, ते तिला ‘जर्नलसीटीएल -यू एसएसएच’ लावून दाखवलं. सर्व्हरचं नाव-गाव अजून कुणाला सांगितलेलं नसताना ओळीमागून ओळ: इनव्हॅलिड यूजर ॲडमिन, इनव्हॅलिड यूजर ओरॅकल, पोस्टग्रेस, टेस्ट. यात वैयक्तिक काही नाही. यंत्रं दिवसरात्र सगळे पत्ते ठोठावत असतात.

२० जुलै, रविवार. फायरवॉल

दोन फायरवॉल (कोणती जोडणी आत येऊ द्यायची ते ठरवणारे पहारेकरी) आहेत: एक कंपनीच्या पॅनेलमध्ये, एक मशीनवर, म्हणजे यूएफडब्ल्यू. दोन्ही ठेवले. यूएफडब्ल्यूचा क्रम महत्त्वाचा: आधी ‘अलाउ ओपनएसएसएच’, मग वेबसाइटचे पोर्ट ८० आणि ४४३, शेवटी ‘इनेबल’. उलट केलं तर नवी जोडणी मिळत नाही.

थोड्या वेळाने एनजिनएक्स (वेबसाइटची पानं देणारा प्रोग्राम) बसवला तर पान उघडेना. अशा वेळी चूक कोणत्या शब्दांत येते ते वाचावं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे मशीनपर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही: सेवा बंद आहे. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे वाटेत कुणीतरी आपलं पाकीट (डेटाचा तुकडा) गुपचूप टाकून दिलं: फायरवॉल. आमचं टाइम्ड आउट होतं. यूएफडब्ल्यूत ८० उघडा होता, पॅनेलमध्ये नव्हता.

पोर्ट २२ फक्त वाचनालयाच्या आयपी पत्त्यासाठी उघडा ठेवायचा, ही कल्पना कागदावर उत्तम. दुपारी पाऊस, लाइट गेली, राउटर पुन्हा चालू झाला आणि ब्रॉडबँडने नवा पत्ता दिला. टाइम्ड आउट. पॅनेलच्या कन्सोलमधून शिरून, म्हणजे कालचा कागदावरचा पासवर्ड वापरून, नियम काढला. स्थिर पत्ता विकत घेतलेला नसेल तर या वाटेला जाऊ नये. पासवर्ड बंद असताना २२ सर्वांसाठी उघडा राहिला तरी चालतं.

कार्यकारिणीतल्या एकांना घरून डेटाबेस पाहायचा होता, म्हणून ३३०६ (डेटाबेसचा पोर्ट) उघडा असा आग्रह झाला. उघडला नाही. मारियाडीबी उबुंटूवर मुळात १२७.०.०.१ वरच, म्हणजे फक्त त्याच मशीनवरून आलेलं, ऐकतो, तसाच राहू दिला. त्यांना एसएसएच बोगदा (एसएसएचच्या जोडणीतून डेटाबेसपर्यंतची वाट) करून दिला. ‘-एल’ (कॅपिटल) हा पर्याय त्यासाठीच आहे.

शेवटी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एनमॅपने (पोर्ट तपासणारा प्रोग्राम) मशीन तपासलं. २२, ८०, ४४३. बाकी काही नाही.

२६ जुलै, शनिवार. नाव आणि प्रमाणपत्र

संस्थेचं डोमेन जुनंच आहे. त्याची ए नोंद (नाव कोणत्या आयपी पत्त्याचं ते सांगणारी) नव्या पत्त्याकडे वळवली. टीटीएल (उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं तो आकडा) १४४०० होता, म्हणजे जुनं उत्तर चार तास फिरत राहणार. ज्यांना घाई आहे त्यांनी आदल्या दिवशीच तो ३०० करून ठेवावा.

चार तासांनी ब्राउझरमध्ये नवं पान दिसत होतं. सर्टबॉट (सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र आणणारा प्रोग्राम) मात्र अपयशी: प्रमाणपत्र फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टला पडताळणीची फाइल सापडत नव्हती, ४०४. पुन्हा, पुन्हा ४०४. इथे हात आवरावा. एका नावासाठी तासाला पाच अपयशी पडताळण्या झाल्या की थांबावं लागतं. चाचणीसाठी ‘--ड्राय-रन’ आहे. त्याने खऱ्या मर्यादेला धक्का लागत नाही.

उलगडा नोंदींतून झाला. एनजिनएक्सच्या ॲक्सेस लॉगमध्ये लेट्स एन्क्रिप्टची विनंती आलेलीच नव्हती. मग ४०४ दिलं कुणी? ‘डिग’ने (डोमेनच्या नोंदी विचारणारी आज्ञा) चार ए वाली, म्हणजे आयपीव्ही६ची (नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्याची) नोंद विचारली, आणि ती निघाली जुन्या होस्टिंगच्या पत्त्याची. लेट्स एन्क्रिप्ट आयपीव्ही६ नोंद असेल तर आधी तिकडे जातं. तिकडे जोडणीच झाली नाही तर मग आयपीव्ही४. इथे जुना सर्व्हर जिवंत होता आणि इमानाने ‘अशी फाइल नाही’ म्हणत होता. वाचनालयाच्या जोडणीवर आयपीव्ही६ नसल्याने इथून सगळं छान दिसत होतं. आयपीव्ही६ असलेल्या मोबाइलवर कदाचित जुनंच पान उघडत असेल. जुनी नोंद काढली, टीटीएल सरेपर्यंत थांबलो, रात्री प्रमाणपत्र मिळालं.

मुदत ९० दिवस. नूतनीकरणाचा टायमर सर्टबॉट स्वतः बसवतो आणि तो दिवसातून दोनदा धावतो. पोर्ट ८० ‘आता गरज नाही’ म्हणून बंद करू नये, नूतनीकरण त्याच वाटेने होतं. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले आहेत, म्हणून बाहेरून तारीख पाहणारी एक फुकट सेवा लावून दिली.

२ ऑगस्ट, शनिवार. अपडेट आणि घड्याळ

सुरक्षा अपडेट उबुंटू स्वतः बसवतो, पण नवं कर्नल रीबूट केल्याशिवाय लागू होत नाही आणि आपोआप रीबूट मुळात बंद असतो. तो चालू करून वेळ ०२:०० दिली. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे) असतं, म्हणजे तो रीबूट सकाळी साडेसातला झाला असता, ऐन वाचनालय उघडताना. ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन’ने एशिया/कोलकाता केलं (ए आणि के कॅपिटल). त्यानंतर क्रॉन सेवा (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी) पुन्हा सुरू करावी, नाहीतर ती जुन्याच वेळेवर चालत राहते.

सर्व्हरच्या नोंदी किती दिवस ठेवायच्या? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवस आणि भारतातच, असं आहे. तोच आकडा घेतला. एनजिनएक्सच्या नोंदी मुळात १४ दिवसांत गळतात. जुन्या नोंदी काढणाऱ्या लॉगरोटेटमध्ये १८० केलं. २ जीबीची स्वॅप फाइलही (मेमरी कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) आजच, परवानगी ६००.

९ ऑगस्ट, शनिवार. बॅकअप

कंपनीचा साप्ताहिक बॅकअप आहे, पण तो त्याच खात्यात. खातं गेलं तर दोन्ही गेलं. म्हणून रोज रात्री डेटाबेसचा डम्प (सगळा मजकूर एका फाइलीत), आणि तो वाचनालयाचा संगणक येऊन घेऊन जातो. सर्व्हरने पाठवायचा नाही: सर्व्हरवर कुणी शिरलाच तर त्याच्या हाती घरच्या प्रतींची किल्ली नको.

आज्ञा हाताने चालवली, फाइल तयार झाली, नावात तारीख. तीच ओळ क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांची यादी) टाकली, सकाळी फाइल नाही. सिस्टमच्या नोंदींत क्रॉनची एकच ओळ: ‘नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट’. म्हणजे क्रॉनला चूक सांगायची होती, पण मेल पाठवायचं साधन नाही म्हणून ती फेकून दिली. आउटपुट फाइलीत वळवलं तेव्हा कळलं की अर्धीच आज्ञा चालतेय. तारखेसाठी लिहिलेलं टक्क्याचं चिन्ह क्रॉनटॅबमध्ये ओळ संपल्याची खूण मानलं जातं. आज्ञा स्क्रिप्ट फाइलीत हलवली. क्रॉनटॅबमध्ये आता फक्त तिचा पत्ता.

मग फाइल येऊ लागली. १० तारखेची पाहिली: २० बाइट. रिकाम्या मजकुराचं जीझिप केलं (दाबून लहान केलं) की नेमकं एवढंच येतं. डम्पला पासवर्डची फाइल सापडत नव्हती, डम्प पडला, पण पाइपच्या (एका आज्ञेचं आउटपुट पुढच्या आज्ञेला देणारी साखळी) शेवटी असलेल्या जीझिपने आपलं काम नीट केलं आणि स्क्रिप्टला सगळं यशस्वी वाटलं. स्क्रिप्टच्या वर ‘सेट -ओ पाइपफेल’ (साखळीतली कोणतीही आज्ञा पडली तर अपयश) आणि शेवटी तपासणी: डम्पच्या शेवटच्या ओळीत ‘डम्प कम्प्लीटेड’ नसेल तर फाइलीचं नाव बदलून ‘खराब’. नाव रोमनमध्येच, एवढं खरं.

१७ ऑगस्ट, रविवार. परत उभं करून पाहणं

तासाच्या भाड्याने दुसरं मशीन घेतलं आणि तिला सांगितलं, मूळ सर्व्हर जळाला असं समज. तक्ते आले, मराठी शीर्षकं नीट आली, पण वेबसाइट डेटाबेसला जोडली जाईना. एका डेटाबेसच्या डम्पमध्ये त्याचे वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार येत नाहीत. ते वेगळे लिहून ठेवावे लागतात. मुखपृष्ठांच्या चित्रांचं फोल्डर आणि एनजिनएक्सची सेटिंगही बॅकअपमध्ये नव्हती. तिन्ही स्क्रिप्टमध्ये घातली, पुन्हा पहिल्यापासून केलं. जेवणाची सुट्टी धरून दुपार गेली, पण पूर्ण यादी हाती आली.

मशीन नुसतं बंद करून ठेवू नये. बंद मशीनचंही भाडं इथे चालू राहतं. काढूनच टाकावं.

२४ ऑगस्ट, रविवार. हवाली

फेल२बॅन (लॉगिनला चुकत राहणाऱ्यांना अडवणारा प्रोग्राम) सर्वांत शेवटी, आणि तो मुद्दाम. पासवर्ड बंद केल्यावर त्याचं मुख्य काम गोंगाट कमी करण्याचं. २४.०४ मध्ये सुरुवातीला आलेलं त्याचं पॅकेज पायथन ३.१२ वर सुरूच होत नसे. आधी ‘एपीटी अपडेट’ करून सुधारित आवृत्ती घ्यावी. मूळ नियम: दहा मिनिटांत पाच चुका, दहा मिनिटं बंदी. तो आयपी पत्त्यावर बंदी घालतो, माणसावर नाही. वाचनालयात एकाने चुकीच्या वापरकर्तानावाने लॉगिन करत राहिलं तर सगळ्यांची एसएसएच बंद पडते. सर्व्हर बिघडला समजून घाबरू नये, दहा मिनिटं थांबावं.

किल्ल्या माणशी एक, आणि प्रत्येकीच्या शेवटी त्या माणसाचं नाव. कुणी काम सोडलं की त्याची ओळ पुसायची आणि पुसल्यावर उरलेल्यांनी लॉगिन करून पाहायचं, मगच खिडकी बंद. कार्यवाहांच्या कपाटात आता तीन कागद: रिकव्हरी कोड, कन्सोलचा पासवर्ड, पुन्हा उभं करण्याची यादी.

बाकी: जुन्या संगणकावरच्या काही नोंदी श्रीलिपीत (युनिकोडआधीच्या फाँटमध्ये) आहेत, त्या युनिकोडमध्ये आणायच्या. आणि एक्सेलमधून सीएसव्ही करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडायला हवं, हे टंकलेखन करणाऱ्या दोघांना सांगायचं राहिलं आहे. साध्या सीएसव्हीत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत.